पाठमोरी माणसं

भिंतीवर काम करणाऱ्या पेंटरचा चेहरा सहसा कुणाला माहीत नसतो. तो शिडीवर नाहीतर परांचीवर असतो, तोंड भिंतीकडे, पाठ रस्त्याकडे. येणारे-जाणारे खाली थांबतात, अक्षर बरं आलंय म्हणतात आणि चालू लागतात. माझे वडील पेंटर होते. त्यांची आठवण काढली की मला आधी त्यांची पाठ दिसते. घामानं चिकटलेला सदरा, किंचित वर उचललेला उजवा खांदा, डाव्या हातात टेकू द्यायची काठी. पुढे मीही तेच काम २३ वर्षं केलं. पाट्या, भिंती, दुकानांची नावं, गाड्यांच्या मागच्या फळ्या. लोक मला ‘पेंटर’ अशी हाक मारत. ‘चित्रकार’ कुणी म्हटलं नाही आणि मीही स्वतःला कधी म्हणवून घेतलं नाही.

मशीनवर छापलेले फलक आले तसं हातानं अक्षर काढायचं काम आटत गेलं. आता वर्षातले दोन-तीन महिने हात रिकामेच असतात. अशाच एका रिकाम्या हंगामात मी एका चित्राची नक्कल करायला घेतली. पीटर ब्रूगेल या फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या, चित्रकाराचं ‘बर्फातले शिकारी’. साल १५६५, ओकच्या फळीवर तैलरंग, सध्या व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात. शाळेत आम्हाला चित्रकला शिकवणाऱ्या सरांच्या घरी त्याची मोठी छापील प्रत भिंतीवर होती. लहानपणी ती पाहिली तेव्हा बर्फ, डोंगर, तळी यांतलं काही लक्षात राहिलं नाही. राहिल्या त्या तीन पाठी. तीन माणसं खांद्यावर लांब भाले टाकून, आपल्याकडे पाठ करून, उतारावरून खाली गावाकडे चाललेली. निवृत्तीनंतर सरांनी ती प्रत मलाच दिली. “नुसतं बघू नकोस, काढून बघ,” एवढंच म्हणाले.

मूळ चित्र ११७ बाय १६२ सेंटीमीटर आहे. मी निम्म्या मापाचं करायचं ठरवलं, म्हणजे साडेअठ्ठावन्न बाय ८१. ओकची फळी मिळणं शक्य नव्हतं, चांगल्या प्रतीचं प्लायवूड घेतलं. अस्तर मात्र जुन्या पद्धतीनं केलं, कारण त्या काळच्या फ्लेमिश चित्रांची अर्धी जादू अस्तरात आहे. खडूची पूड आणि जनावराच्या कातड्यापासून केलेला सरस कोमट पाण्यात कालवायचा आणि पातळ हात द्यायचा. वाळला की पॉलिश पेपर, पुन्हा हात. आठ हात दिले. भिंतीला लांबी भरण्याची सवय असल्यामुळे हे काम मला जड गेलं नाही, उलट एवढंच काम खात्रीनं जमणारं होतं. फळी हाडासारखी गुळगुळीत झाली. ब्रूगेल रंग इतका पातळ लावतो की खालचं हे पांढरं बऱ्याच ठिकाणी वर झिरपतं. बर्फाचा अर्धा उजेड फळीतूनच येतो, हे मला पुढे कळलं.

मग ९ सेंटीमीटरचे चौकोन आखले, आडवे नऊ, उभे साडेसहा. मोठ्या भिंतीवर चित्र उतरवायची आमची हीच रीत. तपशिलासाठी संग्रहालयाच्या संकेतस्थळाचा फार उपयोग झाला. २०१८ साली व्हिएन्नात ब्रूगेलचं मोठं प्रदर्शन झालं, त्या निमित्तानं त्यांनी आपल्याकडच्या ब्रूगेलच्या चित्रांच्या अतिशय बारीक प्रतिमा सगळ्यांना खुल्या केल्या आहेत. एकेक कावळा, एकेक काटकी जवळ जाऊन पाहता येते.

आणि इथेच मी एक निर्णय घेतला जो चुकीचा होता. आधी नुसता निसर्ग करायचा, माणसं नंतर, जमली तर. अक्षर आणि सपाट पृष्ठभाग यांवर माझा हात बसलेला आहे. माणूस काढताना मी घाबरतो. वाटलं, डोंगर, झाडं, तळी, बर्फ एवढं साधलं तरी हिवाळा साधेल.

बर्फ मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. बर्फ म्हणजे पांढरा, असं धरून टायटॅनियम पांढरा सरळ ट्यूबमधून काढला आणि उतार भरला. दोन दिवसांत चित्राची चुना दिलेली भिंत झाली. सरांना फोन केला. ते म्हणाले, “कोरा कागद घे आणि छापील चित्रातल्या बर्फाला लावून धर.” धरला. कागदाशेजारी तो बर्फ पिवळसर, राखाडी, कुठे कुठे अक्षरशः मळका दिसायला लागला. इतकी वर्षं ज्याला मी पांढरं समजत होतो त्यात पिवळी माती होती, काळा होता, कणभर निळा होता. सगळं खरवडलं आणि परत सुरुवात केली. पांढऱ्यात थोडी पिवळी माती, त्याहून थोडा हस्तिदंती काळा. काळा आणि पिवळी माती एकत्र आले की हिरवट झाक येते, हे पाट्या रंगवताना मला नकोसं वाटायचं. इथे तेच हवं होतं. ब्रूगेलचं आकाश त्याच हिरवट राखाडीचं आहे, आणि खालच्या दोन्ही गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फही. एकाच वाटीतला रंग वर आणि खाली. वर पाहिलं काय आणि खाली पाहिलं काय, थंडी तीच.

दुसरी चूक सावल्यांची. मला क्लोद मोनेचं ‘मॅग्पाय’ हे १८६८-६९च्या हिवाळ्यातलं चित्र माहीत होतं. कुंपणाच्या फाटकावर बसलेला एकटा पक्षी, उन्हात उजळलेला बर्फ आणि त्यावर निळ्या सावल्या. बर्फाची सावली निळी असते, हे डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून मी ब्रूगेलच्या झाडांच्या बुंध्यापाशी निळ्या सावल्या घातल्या. झाडं लगेच जमिनीपासून सुटली, तरंगायला लागली. मूळ चित्र पुन्हा पुन्हा पाहिलं तेव्हा लक्षात आलं की तिथे पडलेल्या सावल्याच नाहीत. ऊन नाही. आभाळ भरलेलं आहे, उजेड सगळीकडून सारखा येतोय. सावली नाही म्हटल्यावर माणूस, झाड, कुत्रा, जे काही आहे ते फक्त आपल्या कडेनं उभं राहायला हवं. कडा चुकली की वस्तू गेली. अक्षराचंही तसंच असतं, त्यामुळे हे मला फार लवकर पटलं.

पाच आठवड्यांनी निसर्ग पुरा झाला. मागचे सुळके, मधली दरी, चर्चचं टोक, उतारावरची उंच निष्पर्ण झाडं, फांद्यांवरचे कावळे. मला ते चांगलं वाटत होतं. आई चहा घेऊन आली आणि बराच वेळ फळीसमोर उभी राहिली.

“हे गाव सोडून गेले का रे सगळे?” तिनं विचारलं.

“नाही गं, माणसं काढायचीत अजून.”

“मग आधी वाट का नाही काढलीस? माणसं असतील तर वाट असते. इथे तर पाऊलच नाही. थंडी आहे हे मला कळणार कसं? कुणी कुडकुडतंय का, कुणी जाळ केलाय का?”

मी गप्प बसलो. तिचं म्हणणं खरं होतं आणि मला आतून माहीत होतं. चित्रात बर्फ होता, हिवाळा नव्हता.

मग मी वाचायला लागलो, आणि वाचता वाचता आईचंच म्हणणं वेगळ्या शब्दांत समोर आलं. युरोपच्या चित्रांत हिवाळा शिरला तोच मुळी कामाच्या पाठोपाठ. मध्ययुगात चर्चच्या दारांवर, प्रार्थनापुस्तकांतल्या पंचांगांवर बारा महिन्यांची बारा कामं कोरलेली, रंगवलेली असत. उन्हाळ्यात गवत कापणं, मग पिकाची कापणी, शरदात द्राक्षं तुडवणं, डिसेंबराच्या सुमाराला डुक्कर मारून हिवाळ्याची तरतूद करणं, फेब्रुवारीत चुलीपाशी पाय शेकत बसणं. लिंबुर्ग बंधूंनी फ्रान्समधल्या बेरीच्या ड्यूकसाठी १४१२ ते १४१६च्या सुमारास जे प्रार्थनापुस्तक रंगवलं, त्यातल्या फेब्रुवारीच्या पानावर बर्फाचं शेत आहे. पण त्या पानावर माणसं काय करतात पाहा: घरात काही जण कपडे वर करून विस्तवापाशी शेकतायत, बाहेर एक जण झाड तोडतोय, एक जण लादलेलं गाढव हाकत दूरच्या गावाकडे निघालाय. बर्फ हे त्या कामांचं निमित्त आहे.

ब्रूगेलचे शिकारी त्याच परंपरेतले. अँटवर्पच्या निक्लास योंगेलिंक नावाच्या व्यापाऱ्यासाठी त्यानं वर्षाच्या ऋतूंची चित्रमाला केली. ती बहुधा सहा फळ्यांची होती, प्रत्येकीवर दोन महिने. आज पाच उरल्यात: तीन व्हिएन्नात, गवतकापणीची प्रागमध्ये, धान्यकापणीची न्यूयॉर्कमध्ये. त्यातली ही हिवाळ्याची. त्याआधीच्या दीडशे वर्षांत झालेला मोठा फरक एवढाच की ब्रूगेलनं काम पानाच्या चौकटीतून सोडवून अख्ख्या मुलखावर पसरवलं. तुम्ही चित्रात जिथे बोट ठेवाल तिथे कुणीतरी काहीतरी वाहतंय, ओढतंय, पेटवतंय, विझवतंय.

मी डावीकडून सुरुवात केली. सराईच्या दारासमोर जाळ केलाय. डुकराचे केस जाळण्यासाठीचा तो गवताचा जाळ, म्हणजे पंचांगातलं जुनं डिसेंबरचं काम. ह्या जाळाचा नारिंगी आणि सराईच्या विटांचा तांबूस, उबदार रंग म्हणावा असा चित्रात जवळजवळ तेवढाच. मी तो शेवटी घालणार होतो. आईचं ऐकून आधी घातला. इवलासा नारिंगी पडला आणि पाच आठवडे मी जो बर्फ रंगवत होतो तो पहिल्यांदा गार झाला. रंगाचा एक थेंबही मी बर्फात वाढवला नव्हता.

मग शिकारी. यांनी माझा महिना खाल्ला.

पहिला शिकारी काढला तो फिरायला निघालेल्या माणसासारखा दिसत होता. पुसला. दुसऱ्यांदा दमलेला दिसावा म्हणून कंबरेत वाकवला, तर म्हातारा झाला. मापं बरोबर होती, चौकोनात प्रत्येक रेघ जागेवर होती, तरी चालणं येत नव्हतं. शेवटी मी दोन भरलेले रंगाचे डबे बांबूच्या टोकाला बांधले, बांबू खांद्यावर टाकला आणि वाळूच्या ढिगावरून चालून पाहिलं. बर्फ नाही तर वाळू, पाय तरी रुतेल. पुतण्याला मागून फोटो काढायला सांगितलं. वीस-पंचवीस फेऱ्या केल्या.

फोटोत जे दिसलं ते माझ्या शरीराला आधीपासून माहीत होतं, हाताला नव्हतं. रुतणाऱ्या जमिनीवर टाच मागे उचलली जात नाही, अख्खा गुडघा वर येतो. वजनाकडचा खांदा उंचावतो आणि दुसरा हात आपोआप शरीरापासून लांब जातो. आणि मान खाली जाते, कारण पुढचा पाय कुठे पडणार ते पाहावं लागतं. ब्रूगेलच्या शिकाऱ्यांच्या खाली गेलेल्या मानेबद्दल पुष्कळदा निराशा, हार असं म्हटलं जातं. शिकार तर त्यांना फारशी मिळालेली नाहीच, तिघांत मिळून एक कोल्हा, तोही एकाच्या भाल्याला लटकलेला. पण वाळूत चालल्यावर मला ती मान आधी कामाची वाटली, मग दुःखाची. उतारावरून ओझं घेऊन उतरणारा आनंदी माणूसही असाच चालेल.

पाठीचा कणा तरीही येत नव्हता. तेव्हा मी वासिली पेरोव या रशियन चित्रकाराचं १८६५ सालचं एक चित्र समोर घेऊन बसलो, मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयातलं. ब्रूगेलनंतर बरोबर ३०० वर्षांनी केलेलं. बर्फातून एक घोडा गरीब घसरगाडी ओढतोय. गाडीवर शवपेटी, पेटीच्या कडेला दोन मुलं, आणि पुढे लगाम धरून बसलेली बाई, मेलेल्याची बायको. तिचा चेहरा दिसत नाही. वाकलेली पाठ दिसते, आणि त्या पाठीचा बाक पुढच्या टेकडीच्या रेषेत मिसळतो, घोड्याच्या झुकलेल्या मानेतही तोच बाक आहे. रशियात भूदासांची, म्हणजे जमीनदाराला बांधलेल्या शेतकऱ्यांची, मुक्तता १८६१ साली जाहीर झाली होती. चार वर्षांनी पेरोव हे रंगवतो. घोषणेबद्दल त्यात काही लिहिलेलं नाही, पण ती पाठ पाहिल्यावर काय बदललं आणि काय नाही याची कल्पना येते. मी ती पाठ कोळशानं दहा-बारा वेळा काढली. कणा खांद्यांच्या मधोमध नसतो, ओझ्याच्या किंवा दुःखाच्या बाजूला सरकतो, हे तिथे शिकलो आणि ब्रूगेलकडे परत आलो.

तिसऱ्या शिकाऱ्याची पाठ लावताना माझा खांदा भरून आला होता, म्हणून मी मागे सरून स्टुलावर बसलो. समोर ओल्या रंगात तीन पाठी. त्यातली मधली कुणाची आहे ते मला लगेच कळलं. उजवा खांदा किंचित वर. मी मुद्दाम केलं नव्हतं. मूळ चित्राशी ताडून पाहिलं तर रेघ थोडी ढळली होती. पुसून नीट करता आली असती, केली नाही. ही नक्कल मी कुठे विकणार नव्हतो.

कुत्र्यांवर फार लिहीत नाही. ते पुष्कळ आहेत, कानापासून शेपटीपर्यंत थकलेले आहेत, आणि कुत्रा काढणं मला माणसापेक्षा सोपं गेलं.

उजवीकडे खाली पाणचक्की आहे. तिचं चाक गोठलंय, बर्फाच्या लोंब्या लटकतायत. म्हणजे दळण बंद. त्याच्या वरच्या अंगाला पुलावरून एक बाई सरपणाची मोळी घेऊन चाललीय. शिकाऱ्यांच्या मानानं इवलीशी, माझ्या फळीवर तर बोटाच्या पेरापेक्षा लहान. मी अर्ध्या तासात ती उरकली. आईनं बघितली.

“ही मोळी सुटेल.”

“म्हणजे?”

“अशी मधोमध नाही बांधत. बुडाकडे जड असतं, दोर तिकडे हवा. आणि ही काटकी एवढी बाहेर आलेली आहे, चालताना कुठंतरी अडकेल. बाई असं कधीच ठेवणार नाही.” मग जरा थांबून म्हणाली, “तुझी बाई मोकळी चालतेय. मोळीवाली मोकळी चालत नाही.”

लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं आईनं सरपण वाहिलेलं आहे, हे मला माहीत होतं. तिच्या मानेची दुखणी मी पाहिली होती. पण कधी असं तपशिलानं तिनं सांगितलं नव्हतं. ती संध्याकाळ आम्ही मोळीवरच बोललो: ओल्या आणि सुक्या लाकडाच्या वजनातला फरक, चुंबळ कशी करायची, उतारावर पायाची बोटं कशी रोवायची, वाटेत ओझं उतरवलं तर पुन्हा चढवायला दुसरं माणूस लागतं म्हणून न थांबता चालायचं. मी मोळी तीनदा रंगवली. तिसऱ्यांदा आई “हं” म्हणाली.

या मोळीपायी मी कामिय पिसारोच्या ‘गोठलेलं दव’ या चित्रापर्यंत पोचलो. साल १८७३. नांगरलेलं शेत, सऱ्यांवर पांढरं दव, आणि तिरप्या वाटेनं लाकडं पाठीवर घेऊन काठी टेकत चाललेला एक माणूस. १८७४ साली पॅरिसमध्ये जे पुढे इम्प्रेशनिस्ट म्हणून ओळखले गेले त्यांच्या पहिल्या प्रदर्शनात ते मांडलं होतं आणि त्यावर टीका झाली. शेतावर पडलेल्या सावल्या चौकटीबाहेरच्या झाडांच्या आहेत, जी चित्रात दिसतच नाहीत, हाही एक आक्षेप होता. मला त्या सावल्या फार आवडतात. तो माणूस ज्या झाडांच्या सावलीतून चाललाय ती झाडं आपल्याला दिसत नाहीत, त्याला दिसतायत. ती त्याच्या रोजच्या वाटेवरची आहेत.

डोंगर मी आधी रंगवले होते, पण त्यांच्याबद्दल मला कळलं ते शेवटी. फ्लँडर्स सपाट मुलूख आहे. तिथे असे सुळके नाहीत. ब्रूगेल १५५०च्या दशकात आल्प्स ओलांडून इटलीला जाऊन आला होता, ते डोंगर त्यानं तिकडून आणले आणि आपल्या गावाच्या मागे उभे केले. म्हणजे जे चित्र पाहून युरोपातला माणूस ‘आमचा जुना हिवाळा’ म्हणतो, तो जागेवर बसून जसाच्या तसा उतरवलेला नाही, रचलेला आहे. घरं इथली, डोंगर तिथले. हे कळल्यावर मला आधी फसवल्यासारखं वाटलं. नंतर विचार केला तेव्हा दिसलं की रचलेलं नाही ते एकच: माणसांची कामं. डोंगर आणून लावता येतात. मोळी चुकीची बांधली तर माझी आई ४६० वर्षांनंतरही ओळखते.

हिवाळ्याच्या चित्रांवरून देशांची ओळख सांगितली जाते तेव्हा मला हा भेद महत्त्वाचा वाटतो. कॅनडातल्या फ्रेंच भाषक शेतकऱ्यांचं बर्फातलं आयुष्य, लाकडी घरं, घसरगाड्या, हे पुष्कळांना कॉर्नेलियस क्रीखोफच्या चित्रांमुळे माहीत आहे. क्रीखोफ १८१५ साली अॅम्स्टरडॅममध्ये जन्मलेला, बाहेरून आलेला. त्याचे गिऱ्हाईक बरेचसे इंग्रजी बोलणारे, त्यांत ब्रिटिश छावणीतले अधिकारी. त्यांना परत जाताना सोबत न्यायला हसतीखेळती, बर्फात धमाल करणारी गावकरी माणसं हवी असत. चित्रं सुरेख आहेत, घसरगाडीचा लगाम, घोड्याचा साज अगदी नेमका. पण त्यांतल्या पुष्कळ चित्रांत माणसं चेहरा बाहेर वळवून आहेत, कुणीतरी आपल्याला बघतंय हे त्यांना ठाऊक असल्यासारखी. ब्रूगेलच्या माणसांना कुणी बघत असल्याची दखलही नाही. त्यांना वेळ नाही.

अर्थात ब्रूगेलही खेडुत नव्हता. अँटवर्पमध्ये आणि १५६३पासून ब्रुसेल्समध्ये राहिलेला शहरी माणूस. आणि ज्याच्यासाठी ही चित्रं केली त्या योंगेलिंकनं १५६६ साली एका मित्राच्या देण्यापोटी आपल्याकडची ब्रूगेलची १६ चित्रं अँटवर्प शहराकडे तारण ठेवली, १६,००० गिल्डरांना. गोठलेलं चाक, मोळीवाली, एका कोल्ह्यावर परतलेले शिकारी, सगळे तारणाच्या यादीत गेले असावेत. हे वाचलं त्या दिवशी मी ब्रश हातात घेतला नाही. माणसाचं श्रम एकदा चित्रात आलं की ते कुणाच्याही भिंतीवर, कुणाच्याही कर्जखात्यात जाऊ शकतं, याचं मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

पण दुसऱ्या बाजूला हेही आहे. ब्रूगेल १५५१ साली अँटवर्पच्या सेंट ल्यूक संघात उस्ताद म्हणून दाखल झाला. तो कारागिरांचा संघ होता. उमेदवारी करायची, हात तयार करायचा, मग नाव नोंदवायचं. आणि डच भाषेत ‘स्खिल्डर’ हा शब्द चित्र काढणाऱ्यालाही आहे आणि भिंत रंगवणाऱ्यालाही. हे कळलं तेव्हा मी तो शब्द मोठ्यांदा दोन-तीनदा म्हणून पाहिला.

सर्वांत शेवटी मी एक गोष्ट राखून ठेवली होती. सराईच्या दारावर एक पाटी आहे. हरीण, समोर गुडघे टेकलेला संत, आणि अक्षरं: सराईचं नाव, ‘हरणापाशी’ अशा अर्थाचं. पाटी टांगायच्या दोन आकड्यांपैकी एक निसटलाय आणि ती एका आकड्यावर तिरकी लोंबतेय. चित्राचे जाणकार तिच्याबद्दल पुष्कळ बोलतात. मी तिच्याकडे पाटी करणाऱ्याच्या नजरेनं पाहिलं. लाकडी आहे, वाऱ्यानं झोके खाऊन आकडा झिजलाय, मालकानं दुरुस्तीला कुणाला बोलावलेलं नाही. धंदा बरा चाललेला नसावा. अक्षरं मात्र चांगल्या हाताची आहेत. ती पाटी रंगवणारा कुणी एक माणूस असेल असं मी धरून चाललो, आणि अख्ख्या फळीवर जिथे मला भीती वाटली नाही अशी ती एकच जागा होती. सगळ्यांत बारीक ब्रश, जवसाच्या तेलात पातळ केलेला काळपट तपकिरी, काठीवर मनगट टेकवून, श्वास रोखून एकेक अक्षर. चाळीस मिनिटं लागली. चिमणीला आग लागलेल्या त्या दूरच्या घराकडे लोक शिडी घेऊन धावतायत, ती शिडीही त्याच दिवशी त्याच हातानं घातली. शिडी कशी टेकते ते मला कुणी सांगावं लागत नाही.

ब्रूगेलनं खालच्या कडेला आपलं नाव आणि रोमन आकड्यांत साल घातलंय. १५५९पासून तो नावातलं एच अक्षर गाळून लिहायचा. का ते माहीत नाही, पण अक्षरं ओळीत बरी बसतात एवढं मी म्हणेन. ते नाव मी उतरवलं नाही. ते त्याचं.

फळी उलटी केली. मागच्या कोऱ्या लाकडावर पेन्सिलनं दोन ओळी आखल्या, मोठा ब्रश घेतला, आणि पाटीवर करतो तसं ठसठशीत लिहिलं: ‘पीटर ब्रूगेलच्या चित्रावरून.’ खाली वडिलांचं नाव, माझं नाव, आणि त्याखाली ‘पेंटर’. आई विचारत होती, माझं नाव नाही का. मोळी तिची आहे, म्हणून तिसऱ्या ओळीत तिचं नाव घातलं. मग पुढची बाजू भिंतीकडे करून फळी उभी टेकवली, अक्षरं वाळेपर्यंत.